खाली पडलेलं तिकीट

आमच्या घरात बाहेरून आलं की आधी तिकीट दाखवायचं, मग चपला काढायच्या. ही शिस्त बाबांची. ते बसमध्ये तिकीट तपासनीस होते आणि डेपोत सगळे त्यांना 'दुर्बीण' म्हणत, कारण फुकट्या माणूस त्यांना चढतानाच ओळखू यायचा. घरी दाराजवळच्या फळीवर एक ताटली असायची. शाळेतून या, मैत्रिणीकडून या, तिकीट त्या ताटलीत टाकायचं. संध्याकाळी चहा पिताना बाबा एकेक तिकीट उचलून वेळ बघायचे आणि विचारायचे, "चार दहाला बसलीस ना? मग पाचपर्यंत होतीस कुठे?" आईसुद्धा यातून सुटलेली नव्हती. ती मुद्दाम चार जुनी तिकिटं ताटलीत टाकून त्यांना घोळात पाडायची आणि ओट्याजवळ उभी राहून हसायची. मला ते हसणं काही जमलं नाही. मी मोठी होऊन तपासनीसच झाले.

माझं लग्न तीन वर्षं टिकलं. का मोडलं ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते की त्याच्या खिशांत मला कधीच काही सापडलं नाही.

आई जाऊन दोन वर्षं झाली. घरात आता मी आणि निवृत्त झालेले बाबा. ताटली तिथेच आहे, फक्त संध्याकाळी तिकिटं मी बघते. बाबा मंगळवारी आणि शुक्रवारी वाचनालयात जातात, सात नंबरच्या बसने. निदान मला तसं सांगतात.

एका शुक्रवारी ताटलीतलं त्यांचं तिकीट उचललं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तिकिटाची चार घड्या घालून पुडी केलेली होती. बाबांनी जन्मात तिकिटाला घडी घातलेली नाही, त्यावरून लहानपणी मी बोलणी खाल्ली आहेत. मग वेळ पाहिली. दहा वीस. दहा वीसला बाबा आंघोळ करत होते. माझी दुपारची पाळी होती, मी घरातच होते, नळाचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता.

म्हणजे तिकीट दुसऱ्याचं. खाली पडलेलं उचलून आणलेलं. हीच लबाडी करणाऱ्या शेकडो लोकांना बाबांनी कॉलर धरून खाली उतरवलं होतं, आणि आता स्वतः उचलताना वेळसुद्धा बघितली नाही! मला राग आला की हसू, मलाच कळेना. पाणी कुठेतरी मुरत होतं हे नक्की. आणि हल्ली दर पंधरा दिवसांनी केस कापणं, पिशवीत मोजपट्टी घेऊन जाणं, हे सगळं मला एकदम आठवायला लागलं. मोजपट्टी कशाला लागते? घर लावायला. कुणाचं घर? माझ्या डोळ्यांसमोर एक बाईच उभी राहिली, पडदे मापायला सांगणारी. या वयात बाबा मला सोडून दुसरा संसार मांडतील, या विचाराने माझी झोप उडाली. मला त्यांच्याशिवाय कोण आहे?

मंगळवारी मी गॅलरीत उभी राहिले. बाबा सात नंबरच्या स्टॉपवर गेले, इकडेतिकडे पाहिलं, वाकले, काहीतरी उचलून खिशात टाकलं. सात आली आणि गेली. बाबा रस्त्यापलीकडे जाऊन बारा नंबरच्या बसमध्ये चढले.

शुक्रवारी मी बारा नंबरवर ड्युटी मागून घेतली. दुसऱ्या स्टॉपवर चढले तेव्हा बाबा मधल्या सीटवर खिडकीशी बसले होते. मी मागून सुरुवात केली, एकेक तिकीट बघत त्यांच्यापर्यंत पोचले आणि हात पुढे केला. त्यांनी न बघताच तिकीट दिलं, नंतर वर पाहिलं.

"शेवटचा स्टॉप," मी मोठ्याने वाचलं. "वाचनालय तिकडे नाही."

शेजारची म्हातारी माझ्यावर उखडली. "अहो बाई, तिकीट आहे ना त्यांच्याकडे? साधा माणूस आहे तो."

"तपासू दे त्यांना," बाबा म्हणाले. "त्यांचं काम आहे."

मला ते कधी 'त्यांना' म्हणाले नव्हते.

शेवटच्या स्टॉपवर ते उतरले, त्यांच्यामागे मीही उतरले. गल्लीच्या टोकाला एक दुमजली इमारत होती, दाराशी पाटी: ज्येष्ठांसाठी निवास. आत लांब व्हरांडा, ओळीने खोल्या. व्यवस्थापक बाई उठून म्हणाल्या, "या काका. या कोण?"

"मुलगी," बाबा म्हणाले.

डावीकडची तिसरी खोली. एक पलंग, एक कपाट, एक खिडकी. भिंतीवर पेन्सिलच्या दोन खुणा होत्या.

"तिथे माझी खुर्ची बसते," बाबा म्हणाले. "मोजून पाहिलं."

म्हणजे मोजपट्टी यासाठी. बाई नाही, पडदे नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं, पण माझी नजर त्या दोन खुणांवरून हलेना.

"का बाबा? मी काय कमी केलं?"

"काही नाही कमी केलंस." ते पलंगावर बसले. "दोन महिने येतोय. नुसता बसतो तासभर आणि परत येतो. इथे कुणी विचारत नाही, कुठून आलात, उशीर का झाला."

"मग मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, खरं कारण काय ते. त्यात तुझा दोष नाही गं. मीच तुला असं वाढवलं. पण आता दुसऱ्या बाजूला बसल्यावर कळतं, कसं वाटतं ते."

मला रडू फुटलं. युनिफॉर्ममध्ये मी कधी रडले नव्हते. "मी नाही विचारणार यापुढे. नका जाऊ बाबा. मी एकटी पडेन."

ते पलंगावरून उठले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, आई गेली तेव्हा ठेवला होता तसा.

"सही नाही केलेली अजून," ते म्हणाले. "फॉर्म भरून बाईंच्या टेबलावर पडलाय, माझ्याच्याने सही होत नव्हती. चल, चहा घेऊ आणि घरी जाऊ. मी आणतो."

ते व्हरांड्यातून स्वयंपाकघराकडे गेले. मी डोळे पुसून व्यवस्थापक बाईंच्या टेबलापाशी आले. फॉर्म तिथेच होता, सहीची जागा कोरी होती. तो फाडून टाकावा असं मला वाटलं. मन इतकं हलकं झालं होतं की काय सांगू. आणि तरी माझं तोंड उघडलं.

"बाई, एक विचारू?" मी हळूच म्हटलं. "ते इथे खरंच एकटेच बसतात ना? त्यांना भेटायला कुणी बाईबिई येत नाही ना?"

 बाई माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

बाबा दारात उभे होते, दोन हातांत दोन कप. ते आत आले, एक कप माझ्यासमोर ठेवला, दुसरा स्वतःच्या बाजूला. खुर्ची ओढून बसले आणि फॉर्म सरळ करून घेतला.

"चहा घे, गार होईल," ते मला म्हणाले, आणि बाईंकडे पेन मागितलं.