गवतावरून घरी

रोमुआल्दने आठ वर्षं खपून ती शिडाची होडी स्वतःच्या हातांनी बांधली होती. मुलगा ओल्गेर्द आणि सून यागोदा ती समुद्रावर नेत. पुढे दोघांचा घटस्फोट झाला, ओल्गेर्द नॉर्वेला निघून गेला आणि 'चापला' नावाची ती होडी एल्ब्लाँगच्या धक्क्याला तशीच बांधलेली राहिली. कालव्यातून ती घरी, येझोराक तळ्याकाठच्या शेम्यानी गावी आणणं सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकट्याने जमणारं नव्हतं. मुलगा फोनवर म्हणाला, "विकून टाका." तेव्हा रोमुआल्दने मनाचा हिय्या करून यागोदाला विचारलं. शनिवारी सकाळी ती खारवलेल्या काकड्यांची बरणी आणि सॉसेज घेऊन धक्क्यावर हजर.

वाटेत पूल ठेंगणे, म्हणून दोघांनी डोलकाठी उतरवून आडवी बांधली आणि निघाले.

ती कामाला वाघीण होती, पण त्याला हाक काही मारीना. "जरा सरका", "तो दोर द्या", एवढंच. पूर्वी तोंडभर 'बाबा' म्हणायची. म्हाताऱ्याला ते सलत होतं. पण कोणत्या तोंडाने बोलणार?

द्रुझ्नो तळ्यात इंजिन घुरघुरलं आणि बंद पडलं. पाणगवताने इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याला घट्ट विळखा घातला होता.

"जन्म गेला तुमचा पाण्यावर, आणि गवत दिसलं नाही?"

"मी बरोबर चाललो होतो. गवतच चुकीच्या जागी उगवलं."

ती हसली नाही. पावाची सुरी घेऊन पाण्यात उतरली. तिच्या जाकिटाचा पट्टा त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवला. अर्ध्या तासाने ती वर आली तेव्हा मे महिन्याच्या त्या पाण्याने तिचे ओठ निळे पडले होते. त्याने आपला स्वेटर तिच्या अंगावर घातला, चहा केला आणि कप देतादेताच बोलून गेला,

"कोर्टात मी गप्प बसलो, यागोदा. चूक आमच्या पोराची होती, मला ठाऊक होतं. तरी तोंड उघडलं नाही."

ती चहावर फुंकर घालत राहिली. "कोर्टाचं सोडा. मी तुमच्या फोनची वाट बघत होते. दोन नाताळ गेले."

त्याने मान खाली घातली.

"साखर घाला की अजून, बाबा," ती म्हणाली. "कंजूषपणा गेला नाही तुमचा."

त्याने घाईघाईने चमचा भरला आणि अर्धी साखर डेकवर सांडली.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या वाटेत चढ लागला. तिथे होड्या रुळांवरच्या गाड्यावर बसून टेकडी चढतात. घंटा वाजली, लोखंडी दोर ताणला गेला आणि 'चापला' पाण्यातून निथळत वर आली, हिरव्या उतारावरून सरकू लागली. कुंपणापलीकडच्या गाई रवंथ थांबवून बघत होत्या.

"बाबा, सांभाळा हं! सगळीकडे गवतच गवत!" यागोदा ओरडली, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

तिसऱ्या संध्याकाळी ती दोघं येझोराक तळ्यावर पोचली. यागोदा केबिनला टेकून गाढ झोपली होती. समोर रोमुआल्दचं घर आलं, लाकडी धक्का आला. त्याने इंजिनाचा आवाज आणखी कमी केला आणि तसाच पुढे गेला.

लव्हाळ्याच्या बेटापाशी तिला जाग आली. "अजून नाही आलं घर?"

"मागे राहिलं."

"मग थांबला का नाहीत?"

"झोपली होतीस."

"कमाल आहे तुमची!" ती म्हणाली, आणि डोळे चोळत त्याच्या शेजारी येऊन बसली. सुकाणू तिने हातात घेतलं आणि होडी सावकाश मागे वळवली.