कंट्रोलच्या जागी ऑल्ट

सोनलची डाव्या हाताची करंगळी दिवाळीपासून ठणकत होती. पिंपळीतल्या घरी बसून ती पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रामिंग करायची. कोड लिहायच्या तिच्या एडिटरमध्ये फाइल सेव्ह करण्यापासून ओळ पुसण्यापर्यंत सगळं कंट्रोल दाबून चालायचं, आणि ते बटण नेमकं करंगळीखाली. कणीक मळतानाही बोट वाकेना, तेव्हा रविवारी दुपारी तिनं कंट्रोल आणि ऑल्टची अदलाबदल करायची ठरवली. ऑल्ट अंगठ्याखाली येतं, अंगठा दणकट. एडिटरच्या सेटिंगमध्ये तिनं चार ओळी लिहिल्या आणि स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून तशीच उठली.

सोमवारी सकाळी तिनं एडिटर उघडला. फाइल सेव्ह करायला अंगठ्यानं ऑल्ट दाबलं, तर एडिटर खालच्या पट्टीत कमांड विचारू लागला. म्हणजे ऑल्ट अजून ऑल्टच! तिनं चारही ओळी तपासल्या, पुसून पुन्हा लिहिल्या. तेच. वैतागून ती ब्राउझरमध्ये एक ओळ कॉपी करायला गेली, तर तिथं कंट्रोल चालेना, ऑल्ट चालायला लागलं. जिथं बदल केला तिथं काहीच नाही, आणि जिथं हात लावला नाही तिथं सगळं उलटं. तिनं कीबोर्ड काढून परत जोडला, मग उलटा धरून हलवला.

सासूबाई, द्वारकाबाई, दारातून बघत होत्या. "काय हरवलं गं?"

"कंट्रोल, आत्या."

त्या टेबलाखाली डोकावून आत गेल्या.

नवरा ज्ञानेश डाळिंबं घेऊन इंदापूरच्या बाजारात गेला होता. तिनं फोन लावला. "अवो, माज्या मशीनला कुणी हात लावला हुता का?"

पलीकडं क्रेट उतरवल्याचे आवाज. मग हळूच, "व्हय. काल तू भाकरी करत हुतीस तवा. तुजी करंगळी बघवंना. व्हिडिओ बघून आख्ख्या मशीनच्या सेटिंगमदी ती दोन बटणं आदलून टाकली. मोडलं का काय?"

"एडिटरात मीबी तेच केलं हुतं!"

"मग डबल झालं की. चांगलंच न्हवं का?"

"न्हाय वो. दोनदा आदललं म्हंजी एडिटरात पयल्यासारखं झालं."

"आन् बाकी?"

"बाकी सगळीकडं उलटं."

"मला काय कळंना, सोनल."

"मलाबी आत्ता कुठं कळतंय," ती म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून फोन ठेवला.

तिनं आपल्या चार ओळी काढल्या, ज्ञानेशचा बदल तसाच ठेवला. फाइल अंगठ्यानं सेव्ह झाली. पण दुपारच्या मीटिंगमध्ये करंगळी सवयीनं जुन्या जागी गेली आणि सगळ्यांसमोर पडद्यावर भलतंच काहीतरी उघडलं.

संध्याकाळी आल्या आल्या ज्ञानेशनं विचारलं, "मग आता कंट्रोल कुठलं हाय?"

"हे," सोनल म्हणाली. मग बटणांकडं नीट बघून, "न्हाय, थांबा. हे."