उलटा हिसका

परशुरामानं केसांना धरून पुंडलिकाचं डोकं त्याच्याच टायपिंगच्या दुकानातल्या टेबलावर आपटलं, तेव्हा कीबोर्डच्या दोन कळा उडून खाली पडल्या.

"चालू कर. माज्या डोळ्यांदेखत चालू कर."

पुंडलिकानं नाकातलं रक्त मनगटाला पुसलं आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. कॉम्प्युटरच्या पेटीच्या आतून नुसतं टक, टक आलं आणि तेही थांबलं.

परशुरामानं कान लावून ऐकलं आणि तो हसला. रामनगरात त्याचे लाकडाचे तीन ट्रक होते. त्या ट्रकांना आडवा गेलेला दिग्गी गावचा वासू पावसाळ्याआधी पोटात कोयत्याचा वार बसून मेला होता.

"सुंठीवाचून खोकला गेला की गा," परशुराम म्हणाला. "पण हे परत उठलं, तर तुजी बोटं हितंच तोडीन. मग टायपिंग पायानं कर."

जाता जाता त्यानं पेटीला लाथ घातली. काहीतरी मोडल्याशिवाय या गृहस्थाचा पाय कुठून निघतच नसे.

वासू जागच्या जागी मेला नव्हता. आठ दिवस तो दवाखान्यात तडफडला. पाचव्या दिवशी पुंडलिकानं त्याच्या खाटेशी बसून जबानी उतरवून घेतली, दुकानात येऊन टाईप केली, पुन्हा जाऊन त्याला वाचून दाखवली आणि डॉक्टरसमोर त्याचा अंगठा घेतला. तो कागद सरकारी कचेरीत गेला आणि तिथून कुठे गेला ते देव जाणे. उरली ती एकच प्रत, या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये. उद्या कोर्टाची तारीख होती. डॉक्टर साक्षीला तयार होता, पण त्याच्यापुढे ठेवायला नक्कल तरी आणा, नाहीतर परशुराम सुटला म्हणून समजा, असं वकिलानं बजावलं होतं.

जबानीत मात्र नावं दोन होती. वार परशुरामाचा, पण त्या वेळी वासूचे हात मागून आवळून धरले होते ते त्याच्या सख्ख्या भावानं, उमाजीनं. वासू हे सांगत होता तेव्हा त्याची बायको केशर पेज आणायला बाहेर गेली होती. तिला ते कळवायची हिंमत पुंडलिकाला आजवर झाली नव्हती, आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटत होती. कारण केशर दिग्गीहून दर बाजाराला यायची ती दिराला सोबत घेऊनच.

आजही ती आली. मागे उमाजी, कमरेला बांधलेल्या लाकडी आकडीत अडकवलेला कोयता. रानातून येणारा माणूस कोयत्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, त्यामुळे त्याकडे कुणी बघतही नाही. पुंडलिकाचं मात्र आज तिकडेच लक्ष गेलं.

"रगात कसलं, अण्णा?" केशरनं विचारलं.

"परशुराम येऊन गेला."

"मग सोडा की नाद," उमाजी घाईनं म्हणाला. "मेलेलं मशीन ते. चला वैनी, बस चुकंल."

केशर पेटीसमोर खाली बसली. "कशानं मेलं ते?"

"आत चकती असते, ती चिकटलीया. पावसाळी हवा, त्यात लाईटचा खेळ. बेळगावचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, हातात धरून हिसका द्या. फिरली तर फिरली. एकदा फिरली की बंद करू नका, परत उठायची न्हाई. मी दोनदा दिला. हलत न्हाई."

"काडा भाईर."

परशुरामाच्या लाथेनं पेटीचं पत्र्याचं झाकण चेपून बसलं होतं. केशरनं मागे न बघता हात पुढे केला.

"भावजी, कोयता द्या."

उमाजी घुटमळला. मग, मोडलं तर बरंच, असा काहीसा विचार करून त्यानं कोयता दिला. केशरनं पातं फटीत घालून असा जोर लावला की पत्रा किंचाळत उचकटला. कोयता तिनं मांडीखाली सारला. पुंडलिकानं वायरी न काढता डिस्क बाहेर घेऊन तिच्या तळहातांवर ठेवली.

"हिसका कसा दिलासा?"

"असा. सरळ."

"जातंबी असंच बसतंय, पीठ दाटलं की. सरळ वढून फिरत न्हाई. आदी उलटा हिसका, मग सुलटा. दाबा बटण."

तिनं मनगटं आधी मागे आणि लगेच पुढे झटकली. डिस्कमधून घर्रर्र असा आवाज निघाला आणि टिकला. पडदा उजळला.

"आता हलवू नको!" पुंडलिक ओरडला. परशुरामाची धमकी त्याला आठवत होती आणि तरीही त्याची बोटं कळांवर धावत होती. प्रिंटर करकरत एकेक ओळ ओकू लागला.

"कागद मी ठिवतो, वैनी," उमाजी पुढे आला. "उद्या कोर्टात मीच देतो."

"न्हाई. अण्णा, वाचा."

"घरला जाऊन सावकाश..."

"हितंच. मोट्यानं."

पुंडलिक वाचू लागला. ट्रक आला, साग भरला, मी आडवा गेलो. परशुरामानं कोयता काढला. पुढच्या ओळीवर येताच त्यानं कागद खाली धरला.

केशरनं मान वर केली नाही. तीच बोलली.

"'माजं हात मागनं उमाजीनं धरलं हुतं.' असंच हाय न्हवं? आट दिस उशाला मीच हुते, अण्णा. त्येनी मला आदीच सांगितलं हुतं. पण बायकोच्या तोंडाला कोण इचारतंय? कागदावर पायजे. आन् भावजीस्नी ते ऐकाया पायजे, म्हणून तर दर खेपंला आणत हुते."

उमाजीचा हात कमरेकडे गेला. आकडी रिकामी होती.

केशर कोयत्यावर तशीच बसून राहिली. डिस्क तिच्या तळहातांवर घरघरत होती.

"बसा भावजी," ती म्हणाली. "अजून एक पान यायचं हाय."