फॉर्स्टरची साक्ष

चारुदत्तला कामाचा कंटाळा असा कधी नव्हता; पण दोन हजार एकवीसच्या जानेवारीत, चेरीवूडचं ऑफिस बंद आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडलेला, अशा अवस्थेत मध्ययुगीन स्कॉट्स भाषेतला 'फॉर्स्टर' हा एकच शब्द दिवसभर चाळत बसणं म्हणजे शुद्ध वैताग होता. फॉर्स्टर म्हणजे वनाचा रखवालदार. पुढे तेच आडनावही झालं. जुन्या कागदांतल्या प्रत्येक वाक्यात तो हुद्दा आहे की आडनाव, हे ठरवून खूण करायची, कारण त्याची कंपनी बनवत असलेल्या शब्दकोशाच्या सॉफ्टवेअरला अजून ते कळत नव्हतं.

गुरुवारी एक वाक्य आलं. फॉर्स्टरने बुधवारी वनात डाव्या पायाने लंगडणारी एक स्त्री पाहिली, आणि एक पुरुष. खाली टीप होती, की वनातल्या गुन्ह्याला फॉर्स्टरची एकट्याची साक्ष पुरते. चारुदत्तने 'हुद्दा' अशी खूण केली आणि मग त्याचा हात थांबला. त्याच्या बायकोचा, मुक्ताचा, डावा पाय सोमवारीच मुरगळला होता, आणि तरी ती रोज दुपारी घरापलीकडच्या रानात फिरायला जात होती.

"कोणी भेटतं का गं तिकडे?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"लॉकडाऊनमध्ये कोण भेटणार?" ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

शुक्रवारी दुसरं वाक्य आलं. स्त्री ओढ्यापाशी थांबली, तसा पुरुषही थांबला. त्या दिवशी मुक्ताचे बूट घोट्यापर्यंत भिजलेले होते. मग मात्र चारुदत्तचं डोकं फिरलं. सहा वर्षांच्या संसारापेक्षा शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या एका रखवालदारावर आपला जास्त विश्वास बसावा, याची त्याला लाज वाटली, पण पुरेशी नाही.

सोमवारी मीटिंगची थाप मारून तो तिच्या मागोमाग गेला आणि एका जाड बुंध्याआड अर्धा तास उभा राहिला. मुक्ता ओंडक्यावर एकटीच बसली होती, सारखी मागे वळून बघत. कोणीही आलं नाही. मान खाली घालून तो तिच्याआधी घरी पोचला.

ती आली ती सरळ बॅग भरायला लागली.

"मी एनिस गावाला मेधाकडे चाललेय. माझी मैत्रीण मला नाही म्हणणार नाही. वाटेत लॉकडाऊनच्या पोलिसांनी अडवलं तर खरं काय ते सांगेन. रोज झाडाआड तोंड लपवून उभा राहून बायकोवर पाळत ठेवतोस? हाक मारली तरी जागचा हलत नाहीस?"

"मुक्ता, शपथेवर सांगतो. मी फक्त आज आलो होतो."

तिचे हात थांबले.

"आज?" ती म्हणाली. "आज तर तिथे कोणीच नव्हतं. वाटलं, तू पाळत सोडलीस; म्हणून तर घरी येऊन बोलायचा धीर झाला."