सांध्याच्या बाजूला

वेल्डिंगवर जमलेली खपली ठोकून काढताना चष्मा घालायचा, हे मी वीस वर्षं नव्या माणसांना दरडावून सांगत आलो. स्वतः मात्र घातला नाही. उस्ताद ना मी! तापलेला कण उजव्या डोळ्यात घुसला. डॉक्टरांनी कण काढला, पट्टी बांधली आणि दोन महिन्यांनी मी कामावर हजर झालो.

डोळा ठणठणीत आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण उजेड सोसवत नव्हता, सारखं पाणी गळायचं आणि समोरचं सगळं धुरकट व्हायचं. एका डोळ्याने अंतराचा अंदाजही येईना. बायको दवाखान्याचं नाव काढायची आणि मी तिच्यावर खेकसायचो. डॉक्टर काम सोडा म्हणाले असते, आणि मला दुसरं येतं काय?

शिवाय तक्रार एकही नव्हती. मी जोडलेले सांधे घासून गुळगुळीत करायचा तो मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. भारी फटकळ. माझं काही चुकलं असतं, तर त्याने सगळ्यांसमोर माझी सालटी काढली असती. तो गप्प होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

आज जेवणाच्या सुट्टीत विसरलेला डबा आणायला वर्कशॉपमध्ये गेलो, तर मेहुणा मी जोडलेला कठडा पुन्हा जोडत बसलेला. मी पुढचा सांधा बोटाने चाचपला. माझं वेल्डिंग बाजूने गेलं होतं आणि फट तशीच उघडी होती. हे कधीपासून, असं मी विचारलं.

"तुम्ही परत आलात तेव्हापासून, दाजी. ताईने शपथ घातली होती."

लाजेने माझं अंग पेटलं. त्याच्यावर ओरडणार, तेवढ्यात आठवलं, मागच्या आठवड्यात हा दोन दिवस तापाने घरी होता. तेव्हा मी गच्चीच्या टाकीची शिडी जोडली होती. ती दुसऱ्याने घासली, रंगवली आणि आज सकाळी बसवायला गेली.

मी मुकादमाकडे धावलो. त्याने शिडी घेऊन गेलेल्या फिटरला फोन लावून माझ्या हातात दिला. शिडी बसवून फिटर वर टाकीपाशीच होता. शिडी कच्ची आहे, उतरू नकोस, असं मी सांगितलं.

तो हसला. "उस्ताद, तुमचं काम आणि कच्चं? उतरतोच आता, भूक लागलीय."

"मला दिसत नाही रे," मी ओरडलो. "डोळा गेलाय माझा. पाय ठेवू नकोस."

 बरं, वरच थांबतो, असं तो म्हणाला. मी फोन परत दिला, पण मुकादमाने हात पुढे केला नाही. तो माझ्या डोळ्याकडे बघत होता.