वाळूतली जित्ती गोगलगाय

मी गोगलगाय बोलतेय. शेतात पानं खाते ती नव्हे बरं का, करमाडजवळच्या नदीच्या वाळूत राहते ती.

आमच्यात ज्याची त्याची जागा ठरलेली असते. वर कोरड्या वाळूत नरसाळ्यासारखे खड्डे करून मुंग्या धरणारे किडे. त्याखाली, जरा गार वाळूत, काळे भुंगे. मग ओला पट्टा, तो आमचा. पार खाली चिखलात लाल अळ्या. नदी सरकली की आम्हीपण सरकतो. मेलेल्यांचे शंख तेवढे पुरानं काठाला जाऊन पडतात.

यंदा, बहात्तर साली, पाऊसच नाही. नदी दिसेनाशी झाली. मी हातभर खोल गेले नि शंखाचं दार लावून घेतलं.

आज सकाळी वर खरवडल्याचा आवाज आला. सारजाबाईची सून आवडा काठाला झिरा, पाणी झिरपायला वाळूत करतात तो खड्डा, उकरत होती. काखेत वर्षाची पोर रडत होती. तिला दोन दिवस जुलाब, आणि घरात घोटभर पाणी नाही.

"अगं, तिथं काय उकरतीस?" सारजाबाई दरडीवरून ओरडली.

"तुम्हीच म्हणलात ना आत्याबाई, शंख दिसतील तिथं झिरा धर."

"जित्ते शंख म्हणलं व्हतं! हे तर मेलेले. तुझ्या माहेरी नदी नाय व्हय?"

"सिल्लोडला आमच्या आडाचं पाणी."

"मग आडातच ऱ्हायचं व्हतं!"

तेवढ्यात पोर रडायची थांबली. तिला रडायलाही त्राण उरलं नव्हतं.

सारजाबाईनं खाली उतरून मूठभर वाळू नाकाला लावून ओल हुंगली. "हितं." पोर सासूकडं देऊन आवडानं दोन्ही हातांनी उकरलं. हातभर खोल गेल्यावर एका ओंजळीत मी वर आले.

"जित्ती हाय! दार लावलंय बघा!" असं म्हणून तिनं मला लांब भिरकावलं. थोडं आणखी खाली पाणी झिरपलं.

"गढूळ उपसून टाक. निवळलं की भर. अन् उकळल्याबिगर लेकराला देऊ नको," सारजाबाई म्हणाली.

सांजेला त्या पुन्हा आल्या. पोर काखेत दणक्यात रडत होती. "रडू दे," सारजाबाई म्हणाली, "लई ग्वाड वाटतंय."

मलाही वाटलं. पण मी कोरड्या पट्ट्यात पडलेय. ओल इथून चार हात लांब आहे आणि वाळू अजून तापलेली आहे. आम्ही अंडी घालत नाही गं आवडा, पिल्लं पोटातच वाढवतो. माझ्याही पोटात आहेत. उद्या कळशी घेऊन येशील तेव्हा पायाखाली बघ, मला उचल आणि ओलीत ठेव.