नऊचा आकडा

"हा रिपोर्ट चुकीचा आहे," बाई म्हणाल्या आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "चुकीचा कसा? मशीन परवाच तपासलंय."

"मशीन बरोबर आहे. रक्तच खराब झालं होतं."

बाई म्हणजे इथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं, पण स्वतःचं कायम उकळतं, असं सगळे त्यांच्या मागे म्हणत. कॅल्सिटोनिनच्या नळीवरून तर त्यांनी निम्म्या लोकांशी भांडण काढलं होतं. हे थायरॉइडमधलं एक संप्रेरक. त्या ग्रंथीच्या एका जातीच्या कर्करोगात ते रक्तात वाढतं. पण भारी नाजूक. रक्त काढल्याबरोबर नळी बर्फात गेली नाही, तर तासातासाला ते विरत जातं आणि आकडा साळसूदपणे खाली येतो.

शनिवारी बाई रजेवर होत्या. एका टेलरचं रक्त बाहेरच्या केंद्रावर सकाळी आठला काढलं गेलं आणि इथे पोचलं संध्याकाळी सहाला. आकडा आला नऊ. दहाच्या आत, म्हणजे ठीक, म्हणून रिपोर्ट गेलासुद्धा. टेलरच्या गळ्यात गाठ होती, सुईच्या तपासणीत काही नक्की ठरलं नव्हतं आणि थोरली बहीण याच आजारानं गेलेली. सगळं त्या फॉर्मवरच लिहिलं होतं.

सोमवारी नळीवरची वेळ बघून बाईंनी केंद्रावरच्या कारकुनाला फोनवर फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बर्फ मीच काढला, बाई. लेबल भिजून सुटत होतं. मागच्या महिन्यात लेबल सुटलं तेव्हा तुम्ही मला केवढं झापलं होतंत. म्हटलं, या वेळी बाईंना बोलायला जागा ठेवायची नाही."

बाईंनी फोन खाली ठेवला. नळी आधी पिशवीत घालायची आणि मग बर्फात, एवढंच तेव्हा त्याला सांगायचं होतं. ते राहिलं आणि त्या नुसत्या ओरडल्या. त्यांना स्वतःची चांगलीच लाज वाटली.

"रिपोर्ट मागे घ्यायला हवा," त्या आता डॉक्टरांना म्हणाल्या.

"दिलेला रिपोर्ट परत मागायचा? आपली काय शोभा होईल! सहा महिन्यांनी तो येईलच की तपासायला. तुम्ही जरा डोकं शांत ठेवा."

"गाठ तुमच्या गळ्यात असती, तर थांबला असतात सहा महिने?"

"बाई, मर्यादा सोडू नका."

"मग लेखी द्या. चूक कळली तरी गप्प बसायचं, असं लिहून द्या. बसते गप्प."

डॉक्टरांनी काही लिहून दिलं नाही. बाईंनी तिथंच, त्यांच्यादेखत, टेलरला फोन लावला.

दुपारी टेलर आला तो भडकूनच. "सर्जननं ऑपरेशन थांबवलं, मी घरी सगळ्यांना सांगून मोकळा झालो. बायको दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली. आणि आता म्हणता, पुन्हा या?"

"चूक आमची आहे. त्यात माझीही आहे," बाई म्हणाल्या. "शिव्या द्यायच्या तर खुशाल द्या, पण हात पुढे करा."

टेलर पुटपुटला, "दवाखान्यात हे असं बोलणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय." त्यानं हात पुढे केला.

बाईंनी नळी कुणाच्या हाती दिली नाही. बर्फाचा डबा घेऊन स्वतः मशीनपर्यंत गेल्या आणि आकडा येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. आकडा आला एक्केचाळीस. आपण खरे ठरलो की बरं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्या तोंड धुऊन आल्या, रिपोर्टवर सही केली आणि सर्जनना कळवलं.

चौथ्या दिवशी पत्र आलं. वरिष्ठांना न जुमानता रुग्णाशी परस्पर संपर्क साधला, म्हणून बाईंना मशीनवरून काढून तळमजल्यावर, रिपोर्ट वाटायच्या खिडकीवर बसवलं होतं. बाईंनी पत्राच्या पोचपावतीवर लिहिलं, 'पुन्हा असं घडल्यास पुन्हा फोन करीन,' आणि खाली ठसठशीत सही केली.

तीन आठवड्यांनी खिडकीसमोर टेलर उभा राहिला. गळ्याला पट्टी, आवाज घोगरा. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी.

"सर्जन म्हणतात, हे घराण्यातून येऊ शकतं. हिचं रक्त बघायला सांगितलंय. माझ्या ताईच्या वेळी आम्हाला हे कुणी बोललंच नाही."

"रक्त वर घेतात. मी आता फक्त पाकिटं देते."

"वर जाऊन आलो. म्हटलं, त्याच बाई हव्यात. डॉक्टर म्हणाले, जमणार नाही."

"अहो, मग घ्या ना दुसऱ्या कुणाकडून. शिकलेली आहेत सगळी."

"असतील. आम्ही थांबतो."

"कधीपर्यंत?"

"तुम्हाला वर बोलावतील तोपर्यंत," मुलगीच म्हणाली.

बाईंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. तशाच ओल्या डोळ्यांनी त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाचं पाकीट शोधून दिलं. समोरच्या बाकावर बापाशेजारी मुलगी बसली होती, डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडून.